मधला प्लग

गाडी पुन्हा आचके द्यायला लागली, तेव्हा तात्या विजयकरांची खात्रीच पटली, की पाणी कुठेतरी मुरतंय. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी तिन्ही स्पार्क प्लग नवे बसवले होते. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या त्या जुन्या मारुतीला ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

बॉनेट उघडून त्यांनी पान्याने एकेक प्लग काढला. दोन कोरे करकरीत. मधला मात्र काजळीने काळाठिक्कर, टोक झिजलेलं. अहो, नवा प्लग आठवड्यात असा होतो होय? कुणीतरी बदलला होता मेल्याने!

संशय अर्थातच वॉचमन सीतारामवर. गाडी तोच पुसायचा, आणि हल्ली नजर चुकवायचा. तात्यांनी नवा प्लग आणून त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, मग मुकाट बसवून टाकला. दोन दिवसांत ठिपकेवाला गायब, तो काळतोंड्या परत जागेवर!

"बोल, कुठे विकलास?" त्यांनी सीतारामला गेटवरच धरलं.

"आईशप्पथ साहेब, मी नाय. बॉनेटचा खटका गाडीच्या आत, आणि चावी तुमच्या घरात. मी उघडू कसा?"

तात्यांनी त्याला सोडलं. घरात दोनच माणसं. त्यांनी वर येऊन बायकोचा शिवणाचा डबा उपसला. तळाशी लाल ठिपक्याचा प्लग, कापसात नीट गुंडाळलेला. प्लग कसा काढायचा आणि टोकाला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, लग्नानंतर खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा.

"सुमती! तू? माझ्याच गाडीच्या मुळावर उठलीस?"

सुमतीबाईंनी गॅस बंद केला. "मागे मला माटुंग्याला घ्यायला निघालात ना, तेव्हा भलत्याच दिशेच्या रे रोडहून फोन केलात. लाकडाच्या वखारींपाशी उभे होतात. मला विचारलंत, आपलं घर कुठल्या बाजूला गं?"

"मी? रे रोडला? काहीतरीच!"

"सीताराम एक ड्रायव्हर शोधून माझ्याबरोबर आला, तुम्हाला आणायला. कुणाला बोलला नाही बिचारा. मीही अवधूतला सांगितलं नाही. तुमचा लेक त्याच दिवशी गाडी विकेल आणि तुम्ही अंथरूण धराल. म्हटलं, गाडीच बिघडलीय म्हटलेलं बरं."

तात्यांनी आठवून पाहिलं. माटुंग्याचं मार्केट आठवलं, सुमतीची पिशवी आठवली. रे रोड काही केल्या आठवेना. आता संशय घ्यायचा तरी कुणावर?

बराच वेळ ते तो प्लग हातात फिरवत बसले. मग पुन्हा कापसात गुंडाळून त्यांनी तो बायकोच्या हातात दिला.

"अवधूतला सांग, हा प्लग हल्ली मिळत नाही, म्हणून गाडी बंद आहे. आणि हा दुसरीकडे ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

मग चपला घालून ते घाईघाईने जिना उतरले. सीतारामची माफी मागायची होती, विसरायच्या आत.