भिंतीवरचा दरबार

लग्न होऊन मी हुडको कॉलनीतल्या या घरात आले, तेव्हा भिंतींवर सजावट म्हणून एकच गोष्ट होती, रेल्वेचं कॅलेंडर. माझे सासरे कृष्णराव, म्हणजे बाबा, रेल्वेत गार्ड होते. घर सजवावं लागतं हे त्यांना आणि माझ्या नवऱ्याला, रूपेशला, सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन वर्षं सांगून पाहिलं. मग कोणाला न विचारता मी एक टेपेस्ट्री मागवली.

राज्याभिषेकाचा दरबार. छापील नाही बरं का, मागावर विणलेला. मधोमध सिंहासनावर महाराज, भोवती मानकरी, आणि जरीची कड अशी की बोट फिरवत बसावं. पुढच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर मी ती टांगली. दुसरी भिंत मोकळी नव्हतीच. दक्षिणेला खिडकी आणि कूलर, पूर्वेला बाहेरचं दार, पश्चिमेला स्वयंपाकघराचं. बाबांनी लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, "बढिया आहे." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या दिवसापासून बाबा खुर्चीत झोपू लागले.

सासूबाई गेल्यापासून ते पुढच्या खोलीतल्या दिवाणावरच झोपायचे. आता दिवाण रिकामा, आणि हा माणूस शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत मान वाकडी करून. गुडघे आधीच दुखरे, ते सुजले. विचारलं तर म्हणाले, "मले बसूनच झोप येते वो. गार्डाची आदत." रूपेश म्हणाला, "छोड ना, बाबांचं असंच असते."

मला मात्र कळायचं ते कळलं होतं. टेपेस्ट्री त्यांना आवडली नव्हती. तोंडाने बोलायचं नाही, खुर्चीत बसून दाखवायचं. या घरात माझी म्हणावी अशी ती एकच भिंत होती, आणि ती माझी नाही हे मला रोज ऐकवलं जात होतं. मी काही संत नाही. चार दिवस मीही तोंड फुगवून वावरले.

रविवारी दुपारी खुर्चीतून उठताना बाबांचा गुडघा लचकला आणि ते खाली बसले. मी धावत जाऊन त्यांना उठवलं, आणि साठलेलं सगळं बाहेर आलं.

"बाबा, पटलं नसंल तर सांगा ना. काढून टाकते मी. पण असा त्रास कावून करून घेऊन राहिले?"

ते गोंधळले. "नाही पटलं कोण म्हणते? रोज पाहतो मी. पण महाराज बसले आहेत ना तिथं. त्यायच्याकडे पाय करून कसा झोपू?"

"मग उशी तिकडे करा."

"उत्तरेले डोकं? तसं मेलेल्या माणसाले ठेवतेत."

मला हसू आवरेना. एवढंच होतं तर. मी पदर खोचला आणि दिवाणच आडवा फिरवला.

"आता पाय दाराकडे होऊन राहिले," बाबा म्हणाले. "दाराकडे पाय करून माणूस एकदाच जाते."

मी उशी उचलून दाराच्या बाजूला टाकली. "हे घ्या. आता डोकं दाराकडे, पाय स्वयंपाकघराकडे. झोपा."

ते काठावर बसले. पाय काही वर घेईनात.

"आता काय झालं बाबा?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "तिकडे तू असते ना दिवसभर," ते म्हणाले. "तुह्याकडे पाय करू काय मी?"

महाराजांबद्दल बोलले होते त्याच सुरात बोलले, जणू दोन्ही गोष्टी सारख्याच उघड होत्या. दोन वर्षं या घरात मी माझी जागा शोधत होते, आणि ती या माणसाच्या मनात कधीचीच होती.

डोळे पुसून मी स्टूल ओढलं आणि टेपेस्ट्री काढायला चढले. आमच्या खोलीत उशाकडची भिंत रिकामीच होती, महाराज तिथे छान शोभले असते.

"राहू दे ममता, राहू दे," बाबा खालून म्हणत होते, आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांवर उभे राहून, मी पडू नये म्हणून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.