पाटीचा रिकामा कोपरा

गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. वर नाव ठसठशीत, त्याखाली पत्ता, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःची सही, तीही पत्त्यासकट. सही केल्याशिवाय ते शिडीवरून उतरत नसत. ज्याला नाव सांगायची लाज वाटते त्याच्या मालात खोट असते, असं ते म्हणत. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे तर रोज एकदा ऐकवत, ऐकणारं कोणी असो वा नसो.

वाचकहो, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात असतात. त्यांच्या सरळपणाचं आपल्याला कौतुकही असतं. पण हाच सरळपणा एखाद्या दिवशी कसा अंगाशी येतो, ते आता सांगायचं आहे.

पेंटरांची सून एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मुलगा लांबच्या एका पुलाच्या कामावर होता, सुट्टी मिळाली की यायचा. एरवी घरात पेंटर, सून आणि तिसरीतली नात, छकुली. एके दिवशी सून शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पोहोचली, तर छकुलीच्या व्हॅनमध्ये मुलं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, आणि मागचं दार दोरीने बांधलेलं. ती व्हॅनच्या ठेकेदाराशी बोलली. तो हसून म्हणाला, “ताई, लहान मुलं आहेत, त्यांना कितीशी जागा लागते?” शाळेत गेली, तर मोठ्या बाई म्हणाल्या की गाड्यांशी शाळेचा संबंध नाही.

सून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने एक वेबसाइट करायची ठरवली. पालकांनी आपापल्या गाडीचा फोटो पाठवायचा, किती मुलं कोंबली आहेत ते लिहायचं, तिने खातरजमा करून ते छापायचं. वेबसाइटचं नाव ठेवलं ‘गाडीत किती’.

आता अशा नावाची नोंद एखाद्या कंपनीकडे करावी लागते. ती कंपनी मालकाचं नाव, पत्ता, फोन लिहून घेते. नोंद करायच्या दिवशी नेमका छकुलीला ताप आला. सून तिच्या कपाळावर घड्या ठेवत बसली आणि पेंटर म्हणाले, “तू बस पोरीपाशी, मी भरतो.” एका बोटाने अक्षर शोधत त्यांनी सगळं भरलं. शेवटी एक प्रश्न आला: मालकाची माहिती लोकांपासून खाजगी ठेवायची का? पेंटर स्वतःशीच हसले आणि त्यांनी ‘नको’ वर बोट दाबलं. एवढंच करून थांबते तर ते पेंटर कसले? पत्त्याच्या रकान्यात जागा उरली होती, म्हणून त्यांनी खूणही लिहून टाकली: ‘पेंटरच्या दुकानावर, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे.’

वेबसाइट बघता बघता पालकांच्या तोंडी झाली. फोटो येऊ लागले. आणखी तीन शाळांमधल्या मुलांच्या आयांनी विचारलं, आमच्यासाठीही अशी करून द्याल का?

मग एका दुपारी दाराची बेल वाजली. सुनेची सुट्टी होती. दारात परीटघडीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. पेंटरांनी आपल्या सवयीने त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“घर शोधायला त्रास नाही ना झाला?” त्यांनी विचारलं.

“छे हो. दुकानावर, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे. इतका सोपा पत्ता हल्ली कोण देतं?” तो म्हणाला आणि सुनेकडे वळला. “मी ठेकेदारांचा माणूस. तुमची छकुली आमच्याच गाडीत असते ना? मागच्या सीटवर खिडकीशी बसते. गोड पोर आहे. तिला काही होऊ नये असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. ती वेबसाइट बंद करा, म्हणजे कुणालाच काळजी नको.”

पाणी पिऊन, भांडं नीट टेबलावर ठेवून तो निघून गेला. पेंटर त्याच्यामागे दारापर्यंत गेले, जिन्यात डोकावून परत आले.

“बंद करून टाक,” ते म्हणाले. “आजच.”

सुनेने दाराला कडी लावली. “बाबा, ते नंतर बघू. आधी सांगा, याला घराचा पत्ता मिळाला कुठून? मी तर वेबसाइटवर एक अक्षर लिहिलेलं नाही.”

तिने संगणक उघडला. वेबसाइटची नोंद कुणाच्या नावावर आहे, हे शोधण्याची सोय कुणालाही असते. तिने नाव टाकलं आणि पडद्यावर सगळं आलं. तिचं नाव, घर, आणि शेवटी ‘जिना चढून डावीकडे’.

पेंटरांनी आपलीच अक्षरं वाचली. “मीच लिहिलं हे,” ते हळूच म्हणाले. “म्हटलं, येणाऱ्याला घर सापडायला नको का?”

“सापडलं की,” सून म्हणाली. तिला फार राग आला होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिने तो गिळला आणि कंपनीला फोन लावला.

“मॅडम, खाजगी ठेवायला तुम्हीच नको म्हणालात,” पलीकडचा म्हणाला. “आता बदलून देतो. पण कुणी फोन करून विचारलं, तर आम्ही सांगतो.”

“कुणी विचारलं होतं का?”

“हो, एक साहेब होते. तुम्हाला कौतुकाचं पत्र पाठवायचंय म्हणाले. पत्ता होताच त्यांच्याकडे, तुमचा मोबाइल नंबरही दिला मग.”

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर हा मदतीचा आव! सुनेने फोन ठेवला. तिने कपाटातून ओढणी घेतली. “मी वकीलबाईंकडे जाते. तुम्हीही चला.”

वकीलबाई दोन घरं सोडून राहायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एका कागदावर त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. “हे घेऊन आत्ता पोलीस ठाण्यात जायचं. मीही येते. आणि छकुली आजपासून त्या गाडीत बसणार नाही, वाटेत तिला शाळेतून आपणच घेऊ.”

“आणि वेबसाइट?” पेंटरांनी विचारलं.

“ती बंद कशाला? नोंद दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, जी मालकाची माहिती सांभाळते.”

पेंटर चुळबुळले. चूक कळली होती, पण जन्मभराची सवय अशी सहजासहजी सुटते होय? “म्हणजे तोंड लपवून बसायचं? खरं बोलणाऱ्याने चोरासारखं राहायचं?”

वकीलबाईंनी चष्मा काढला. “पेंटर, माझ्या ऑफिसची पाटी कुणी रंगवली?”

“मीच की.”

“आणि या घराच्या दाराला पाटी रंगवून देतो म्हणालात, तेव्हा मी नको म्हटलं. तुम्ही महिनाभर फुगून बसला होतात.”

“होतो.”

“माझ्याकडे मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका येतात. त्यांचे नवरे मला शोधतात. शोधू देत, ऑफिसचं दार उघडं आहे. पण माझी आई दुपारी जिथे झोपते, त्या खोलीपर्यंत त्यांना रस्ता कशाला दाखवू? तुम्ही न्हाणीघराला आतून कडी लावता, ती काय आत चोरी करता म्हणून?”

पेंटर ओशाळून हसले. वकीलबाईंनी सुनेकडे बोट केलं.

“हिने खोटं छापलं तर कोर्ट हिला बोलावेल आणि ही जाईल. जाशील ना?”

“जाईन,” सून म्हणाली. “तक्रारीसाठी वेबसाइटवर ईमेल दिलाय. रोज उत्तरं देते.”

“मग झालं तर. जबाब कायद्याला द्यायचा. ज्याने त्याने जिन्यावर येऊन मागायचा नाही.” वकीलबाई पुढे म्हणाल्या, “तुमचा पत्ता त्या माणसाला कळला तो कळला, तो काही परत घेता यायचा नाही. बैल गेला अन् झोपा केला, असं झालं खरं. पण गोठ्यात बाकीची गुरं आहेत. त्या तीन शाळांच्या आयांचं काय?”

पेंटर उठले. “माझ्या हातून झालंय,” ते म्हणाले. “कंपनी मी शोधणार.”

आणि त्यांनी ती पाट्या रंगवायच्या चिकाटीनेच शोधली. कंपन्यांच्या जाहिराती सगळ्याच गोड होत्या. ‘आम्ही तुमची माहिती जपतो’ असं ती जुनी कंपनीही म्हणतच होती. तेव्हा पेंटरांनी युक्ती काढली. वकीलबाईंच्या ओळखीत बऱ्याच जणांच्या वेबसाइट होत्या. त्यांना विचारून, त्यांच्याच वेबसाइटचा मालक कोण, हे पेंटर अनोळखी माणूस होऊन कंपन्यांना फोनवर विचारू लागले. जी सांगेल ती बाद.

पहिल्या कंपनीने “कशासाठी हवाय?” एवढंही विचारलं नाही आणि फोन नंबर दिला. दुसरीने आधी फोनवर ताटकळत ठेवून बरीच गाणी ऐकवली, मग म्हणाली, “मेल करा, बघू काय जमतंय ते.” पेंटरांनी दोघींवर काट मारली.

तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने फोन घेतला. “मालकाची माहिती देता येणार नाही, काका. तुमची तक्रार लेखी द्या, आम्ही ती मालकाकडे पोहोचवू. माहितीच हवी असेल तर कोर्टाचा आदेश लागेल. आणि तो आला, तर कायद्याने मनाई नसेल तिथवर आम्ही मालकालाही कळवतो.”

पेंटरांनी आवाज चढवला. “मी त्याचा सख्खा मामा आहे!”

“मामा असाल तर भाच्याला फोन करा ना, आम्हाला कशाला करताय?”

“उद्धटपणा करता? तुमच्या साहेबांकडे तक्रार करीन.”

“जरूर करा. साहेबही हेच सांगतील.”

पेंटरांनी फोन ठेवला आणि ते इतक्या मोठ्याने हसले की छकुली धावत बघायला आली. “अगं, मला हाकललं!” ते सुनेला म्हणाले. “मस्त हाकललं. हीच कंपनी.”

तरी सुनेने त्यांचे नियम बसून वाचले. मालकाची माहिती न मागताच झाकलेली असते, ती कुणाला विकत नाहीत, हे पक्कं करून घेतलं. जुन्या कंपनीने नाव सोडायला बरीच खळखळ केली, आज देतो, उद्या देतो. पेंटर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांना फोन करत. शेवटी कंपनीच कंटाळली. ‘गाडीत किती’ नव्या जागी गेली, आणि तिच्या मागोमाग त्या तीन शाळांच्या आयांनीही आपापल्या वेबसाइट तिथेच नोंदवल्या. कुणाचंही घर कुठे दिसत नव्हतं.

पोलिसांनी ठेकेदाराला बोलावून समज दिली. छकुली आता आजोबांचं बोट धरून चालत शाळेत जाऊ लागली. वेबसाइटवरचे फोटो आणि पोलिसांतली तक्रार, दोन्ही समोर आल्यावर गाड्यांशी शाळेचा संबंध नाही, असं मोठ्या बाईंना म्हणता येईना. फाटकापाशी मुलं मोजूनच गाडी सोडायची, असा नियम झाला. शाळेची बाहेरची भिंतही त्यांनी पेंटरांना रंगवायला दिली.

पेंटर शिडीवर चढून त्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं काढत होते. ‘गाडीत किती? मोजा. लिहा.’ त्याखाली चारही वेबसाइटची नावं. तेवढ्यात तो परीटघडीचा शर्ट शिडीखाली येऊन उभा राहिला.

“अजून बंद नाही झाली म्हणायची.”

“एकीच्या चार झाल्या,” पेंटर वरूनच म्हणाले.

“बाकीच्या तीन कुणाच्या?”

“मुलांच्या आयांच्या.”

“कुठे राहतात?”

पेंटरांनी खाली बघितलं. “वेबसाइटवर ईमेल आहे. लिहा, उत्तर येईल. घरी जायचं असेल तर कोर्टातून या.”

तो माणूस भिंतीवरची चारही नावं वाचून निघून गेला.

शेवटचं अक्षर झालं. सवयीने पेंटरांनी बारीक ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि उजव्या कोपऱ्यापाशी नेला. सही म्हणजे पत्ताही आलाच, आणि आपल्या जिन्यावरून आता या आया येत-जात होत्या, फोटो घेऊन बसत होत्या. त्यांनी ब्रश मागे घेतला आणि फडक्याला पुसला. जन्मात पहिल्यांदा ते सही न करता शिडीवरून उतरले.

छकुलीच्या ते लगेच लक्षात आलं. “आजोबा, नाव विसरलात?”

“नाही गं. काम सगळ्यांनी बघावं म्हणून एवढं मोठं काढलंय. घर कुणी बघायची गरज नाही.”

वाचकहो, आपणही दुकानासाठी, संस्थेसाठी, कामासाठी वेबसाइट काढतो, आणि नोंद करताना घाईघाईत पुढे पुढे जातो. एक घटका थांबा. ही कंपनी आपली माहिती झाकते का आणि कुणी दटावून मागितली तर टिकते का, हे आधी विचारा, हवं तर फोन करून मामा होऊन बघा. कर नाही त्याला डर नसावी, हे खरंच आहे. पण घराला दार असतं, ते उघडायचं की नाही हे घरातल्यांनीच ठरवायचं असतं.