एकट्याची खुर्ची

दाजींच्या त्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नाही. ताई गेल्यावर महिन्याभरातच ते आलं होतं. मजकूर फार नव्हता. 'ती गेल्याचं बाहेरून कळलं. तू मला कळवलं नाहीस, ते तुझ्या जागी ठीकच आहे. एकच विचारतो. जाताना ती माझ्याबद्दल काही बोलली का? असेल ते कळव. शिवी असली तरी चालेल.'

उत्तरं मी पुष्कळ लिहिली. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावून ठेवली, पण स्वतःचं एक वाक्य मला धड लावता येत नाही. पहिल्या खर्ड्यात राग असायचा. तो मी सुधारायला घ्यायचो. विशेषणं खोडायचो, शब्द मवाळ करायचो, आणि शेवटी जे उरायचं ते उद्या पाणी येणार नाही अशा नोटिशीसारखं दिसायचं. मग फाडून टाकायचो.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी मी दाजींच्या कारखान्याच्या बिअर टूरचं तिकीट काढलं. समोर जायचं, चारचौघांत खरं काय ते सांगायचं आणि त्यांची मान खाली गेलेली बघून परत यायचं, असं ठरवलं. मी बिअर पीत नाही.

"काका, किती जण?" गेटवरच्या मुलीनं विचारलं.

"एक."

"सोलो! भारीच की!" तिनं माझ्या मनगटाला लाल पट्टी बांधली. बाकीच्यांच्या पिवळ्या होत्या.

"ही लाल का?"

"आमच्याकडे कुणी एकट्यानं प्यायचं नाही. एकटा पाहुणा मालकांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. आणि शेवटी चार शब्द बोलायचा मान त्याचा."

मी मागे, खांबाच्या आडोशाला उभा राहणार होतो. तिथून बोलायचं वाक्य बसमध्ये पाठही केलं होतं. शेजारी बसून ते कसं म्हणायचं, याचा विचारच केला नव्हता.

एकसारखे टीशर्ट घातलेली ऑफिसातली पोरं होती, एक नवं जोडपं होतं आणि प्रत्येक पिपाला नाक लावणाऱ्या दोन वयस्कर मैत्रिणी होत्या. दाजी आले. पोट सुटलेलं, कानात यंत्र, आवाज मात्र तोच. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "या, एकटा जीव! इकडे बसा," म्हणाले. ओळखलं नाही. याचं मला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं.

टाक्या बघून झाल्या, फेसाबद्दलचे विनोद झाले आणि आम्ही जुन्या भट्टीपाशी आलो. बार्ली भाजायचं ते लोखंडी पिंप आता रंगवून, दोरी लावून ठेवलं आहे. समोर लांब टेबल, आणि त्यावर आमची काळी बिअर. आमची म्हणजे त्यांची.

"ही काळी कशी जन्मली ठाऊक आहे?" दाजी म्हणाले. "मी होतो भट्टीवर. दुपारची वेळ, लागली डुलकी. उठून बघतो तर सगळा माल कोळसा! बायको आली. म्हणाली, तुम्हाला साधा चहा उकळता येत नाही, चालले बिअर करायला! फेकून द्या ते. मी म्हटलं, बाईसाहेब, थांबा. नवरा काळा चालतो, तर बिअर का नाही?"

पोरं टेबल बडवून हसली. नव्या नवरीनं नवऱ्याला कोपर मारलं.

त्या दुपारी मी तिथेच होतो. सुट्टीला आलो होतो, पोत्यावर बसून वाचत होतो. दाजी मित्रांबरोबर बाहेर गेले होते. भट्टीवर ताई होती, अंगात ताप घेऊन. बार्ली कितपत भाजली हे घड्याळावर कळत नाही. मधून मधून दाणा चावून बघावा लागतो. ताईसारखी जीभ त्या कारखान्यात कुणाची नव्हती. पण तापानं तिच्या तोंडाची चव गेली होती, आणि हे तिच्याच लक्षात आलं नाही. ती दाणे चावत राहिली, अजून कच्चेच आहेत म्हणत राहिली. धूर झाला तेव्हा उशीर झाला होता.

दाजी परतले. कामगारांच्या देखत त्यांनी मूठभर करपलेले दाणे उचलले आणि तिच्या तोंडाशी धरले. "खा. कळते का आता चव?" तिनं खाल्ले. सगळे. मग दाजींनी फेकायला सांगितलेला तोच माल तिनं गुपचूप एका पिपात घातला, आणि पुढे त्याच काळ्या बिअरवर कारखाना वर आला. वर्षभरात त्या घरात दुसरी बाई आली आणि ताई एक बॅग घेऊन माझ्याकडे आली. माझ्या दोन खोल्यांत ती उरलेलं आयुष्य राहिली.

शेवटी मी तिला भरवलं, तिचे केस विंचरले, कूस बदलून दिली. आणि ती काय म्हणाली? "ते तसे वाईट नव्हते रे. भट्टीपाशी बसलो की पहिला दाणा मला चावायला द्यायचे. म्हणायचे, तुझ्या जिभेपुढे आमचं काय चालणार!" बोलताना चेहरा असा झाला होता, जसा माझ्या घरात कधी झाला नाही. मी हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होतो.

हे वाक्य मी त्यांना पाठवायचं? मुळीच नाही. ते विचारत होते आणि मी देत नव्हतो. त्यांना दुखवायला माझ्याजवळ ते न देणं एवढंच होतं.

"चला, एकटा जीव! उठा. बोला चार शब्द," दाजींनी माझा ग्लास माझ्या हातात दिला.

मी उठलो.

"त्या दिवशी भट्टीवर हे नव्हते," मी म्हणालो. "माझी ताई होती. तिला ताप होता. आणि यांनी सगळ्यांसमोर तिला ते दाणे..."

पुढचं पाठ केलेलं आठवेना. मग टीशर्टवाल्यांतला एक ओरडला, "अरे, हे ठरवलेलं आहे! मालकांचाच माणूस आहे हा!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. त्या दोघी मैत्रिणींपैकी एक डोळे टिपत म्हणाली, "किती सुंदर केलंत हो. नाटकात होता का?"

इतक्या वर्षांचा माझा सूड आणि त्याला टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. टाळ्या न वाजवणारे फक्त दाजी होते.

लोक खरेदीला दुकानात गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू? केस कुठे गेले रे तुझे?"

"गेले."

"पत्र मिळालं होतं?"

"हो."

"आणि गप्प बसलास. शाब्बास."

"गोष्ट खोटी सांगता तुम्ही."

"मग खरी सांगू? बायकोच्या तोंडात कोळसा कोंबला, या, घोट घ्या, असं?" ते पिंपाकडे बघत होते. "रोज सांगतो मी. रोज भट्टीवर मीच असतो. ती नसतेच तिथं."

मी मनगटावरची लाल पट्टी फिरवत राहिलो.

"एवढं सांग," ते म्हणाले. "बोलली का काही?" त्यांनी कानातलं यंत्र बोटानं चाचपलं, आवाज वाढवला आणि तो कान माझ्याकडे केला.

तो कान मला अगदी जवळून दिसत होता. म्हातारा, केसाळ, लाल झालेला.

"कळवतो," मी म्हणालो. "पत्रानं."

"अरे, समोर आहेस ना!"

"मालक, पुढची बॅच आली," गेटवरच्या मुलीनं हाक मारली.

टूर संपली की प्रत्येक पाहुण्याला तिकीट चिकटवलेलं एक पोस्टकार्ड मिळतं. पिंपाशेजारी मालक हसत उभे आहेत, असा त्यावर फोटो आहे. बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसून मी ते गुडघ्यावर उलटं ठेवलं. पत्ता गेटवरच्या पाटीवरून उतरवला. आणि लिहिलं, 'तुम्ही विचारलं होतं. नाही. ती तुमच्याबद्दल एक शब्दही बोलली नाही.'

वाचून बघितलं. खोडण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एका खर्ड्यात जमलं होतं. उघडं कार्ड होतं. पोस्टमन वाचेल, ती गेटवरची मुलगी वाचेल, मग ते. वाचू देत.

पोस्टाची पेटी गेटला लागूनच होती. कार्ड जाड होतं, फटीत अडलं. आत भट्टीपाशी नवी मंडळी गोष्टीतल्या नेमक्या त्याच जागी हसली. मी कार्ड बोटांनी आत ढकललं. पेटी रिकामी असावी, पडल्याचा आवाज आला.

माझी बस आली, थांबली आणि गेली. माझी बोटं अजून फटीतच होती.