काजळाचं बोट

बिरसीच्या उमराव पटलेंच्या अंगणात त्या सकाळी एकवीस माणसं होती, एकोणीस मास्क, सॅनिटायझरच्या तीन बाटल्या आणि काजळाची एक डबी. एकोणीसपैकी चार मास्क नाकावर होते, बाकीचे हनुवटीवर. महिना एप्रिल २०२१. उमरावांच्या बारा दिवसांच्या नातवाचं बारसं होतं.

या घरात बाळाच्या डोळ्यांत पहिलं काजळ आत्या घालते. झोंबतं का हे पाहायला ती बोट आधी आपल्याच डोळ्यात फिरवते, मग बाळाच्या, मग जमलेल्या पोराबाळांच्या. आत्याला साडी आणि पायल मिळतात. त्या चुकू नयेत म्हणून बाळाची आत्या रीताने कालचा ताप गोळी घेऊन लपवला होता. डोळे लाल होते, त्यांतून पाणी गळत होतं.

बाळाची आई प्रेरणा बीएस्सी होती. हे उमराव पाहुण्यांना अभिमानाने सांगत. त्या शिक्षणाचा तिने घरात उपयोग करावा अशी मात्र कोणाचीच अपेक्षा नव्हती.

रीताने बोट डबीत बुडवून स्वतःच्या डोळ्यात ओढलं. "नाही झोंबत. आणा लेकराले."

प्रेरणाने बाळ छातीशी धरलं. "नाही, ताई. तुमचे डोळे लाल हायेत. कोरोना डोळ्याच्या पाण्यातही सापडला हाय. ते बोट याच्या डोळ्यात नाही जाणार."

"अवो, कोरोना नाकातोंडातून जाते," उमराव हसले. "आता काय डोळ्याले मास्क शिवू?"

अंगण खदखदलं.

"रडताना नाक काऊन वाहते, मामाजी?" प्रेरणाने सासऱ्यांना विचारलं. "डोळ्याचं पाणी नाकातच उतरते."

सासू पुष्पाबाई पुढे आल्या. "चार बुकं शिकली तं नणंदेचा विटाळ मानून राहिली! माह्या पोरीचा मान हाय तो."

नवरा हिमांशू मोबाईलकडे पाहत पुटपुटला, "घालू दे ना वो. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

"मंग जाय कामठ्याले, बापाच्या घरी!" पुष्पाबाई ओरडल्या.

प्रेरणाने वडिलांना फोन लावला. भोजराज मोटारसायकल घेऊन येईपर्यंत रीताने तेच बोट सहा मुलं आणि पाच बायकांच्या डोळ्यांत फिरवलं होतं. शेवटी पुष्पाबाईंच्याही.

चौथ्या दिवशी रीताचा अहवाल पॉझिटिव्ह आला. पाठोपाठ पुष्पाबाईंचा. बोटातून किती गेलं आणि खोकल्यातून किती, हे वेगळं करता येत नाही. त्या घराने दोन्हींची सोय केली होती. डोळ्यांतून होणारा संसर्ग श्वासातल्यापेक्षा कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं चौथीतल्या पोराला कळतं. पंचवीस एकर धानाचे मालक असलेल्या उमरावांना कळलं नाही.

आठव्या दिवशी हिमांशूने कामठ्याला प्रेरणाला फोन केला. "आईले ऑक्सिजन लावला. पण मनते, सुनेनं आधी माफी मागावी. तिनंच अपशकुन केला."

"आई बऱ्या होवोत. माफी मी मागत नाही. पोरांची तपासणी केली?"

"सहाही पोरांची? लोक काय मनतील?"

"आज करा. नाही तं मी आरोग्य सेविकेला सगळ्यांची नावं देईन."

तिने संध्याकाळी नावं दिली. पुढच्या दिवशी बिरसीत सहा मुलांची तपासणी झाली. तीन पॉझिटिव्ह.

कामठ्यालाही एक नमुना घेतला होता. बाळ, वय एकवीस दिवस, वजन तीन किलो दोनशे ग्रॅम. अहवाल निगेटिव्ह.