घण निसटला

"आज घण लंगडा वाजतोय," पायातला काटा काढता काढता आमचे मालक कुरकुरले. "दोन घाव पडतात अन् तिसरा गिळतात. अशानं माझा फाळ कधी व्हायचा?"

आमची आणि लोहाराची भिंत एकच. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीतून मी त्यांचा संसार ऐकतेय. आधी हातोडी टिण् म्हणते, कुठं मारायचं ते दाखवते, आणि लगेच त्या जागी घण पडतो. टिण्, धाड. टिण्, धाड. सांडशी आणि हातोडी बसणाऱ्याची, घण उभ्याचा. लोहार बसायचा, बायको घण घालायची. त्याच्या वाकलेल्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून ती दिवसाला दोनशे वेळा घण खाली आणायची आणि हा मान वर करून बघायचासुद्धा नाही. नवराबायकोचा विश्वास बघायचा तर भात्यापाशी जाऊन बसा, असं मी तेव्हा म्हणत असे.

मग एकदा बाजारात वजनावरून जुंपली. लोहारानं हातातली सांडशी समोरच्याच्या डोक्यात घातली. तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला, आणि लोहार सात वर्षं आत.

त्या सात वर्षांत सांडशी म्हातारीनं, म्हणजे त्याच्या आईनं धरली आणि घण सुनेनं घातला. दोघींनी भट्टी विझू दिली नाही. पण निखाऱ्यांकडे बघून बघून म्हातारीच्या डोळ्यांवर पडदा आला. शेवटी शेवटी ती लोखंडाऐवजी स्वतःचा अंगठा ऐरणीवर ठेवायची. त्यामुळे लोहार सुटला तेव्हा दोघींना वाटलं, चला, हात आला.

आला तो अर्धाच आला. डावा कान तुरुंगात कुणीतरी फोडलेला, त्या अंगाचं काही ऐकू यायचं नाही. खोकला असा की माझ्या फळीवरची भांडी हलायची. पाठीवर बोटाएवढे जाड वण. कुणी केले, कशानं केले, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ताटाभोवती हाताचं कुंपण घालून दहा घासांत जेवण संपवायचा. झोपायचा तो भिंतीला पाठ लावून, बसल्या बसल्या.

"सात वर्षं अर्धं अंथरूण रिकामं ठेवलं होतं मी," लोहारीण धुण्याच्या दगडावर मला म्हणाली. "आता सगळंच माझं झालंय. पाय पसरून झोपा."

"येईल गं वळणावर."

"नवऱ्यानं पाठ फिरवली म्हणून बायका रडतात, वहिनी. माझा पाठच फिरवत नाही. मी खोलीत गेले की भिंतीला चिकटतो आणि माझ्या हातांकडे बघत बसतो. बांगडी वाजली तरी दचकतो. काढून ठेवल्यात मी."

मला हसू आलं. तीही हसली, आणि तेव्हा मला तिच्या तोंडातली खिंड दिसली.

"दात कुठं गेला?"

"दुपारी डोळा लागला होता त्यांचा. चहा घ्या म्हणून खांद्याला हात लावला." तिनं लुगडं पिळलं, दोनदा पिळलं. "उंबऱ्यावर पडले म्हणून सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा."

मी तेच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ तिच्या तोंडावर बसत होती, एवढंच.

तर त्या लंगड्या सकाळी मालकांचा काटा निघाला न निघाला तोच भिंतीपलीकडून किंकाळी आली.

मी धावले. लोहारीण जमिनीवर होती. उजवा हात मनगटाच्या वर, जिथं वाकायची जागाच नाही तिथं वाकला होता. तापलेला फाळ बाजूच्या पोत्यावर पडून पोतं धुमसत होतं. लोहार कोपऱ्यात, सांडशी दोन्ही हातांनी उगारून. त्याचे डोळे आमच्यावर होते, पण बघत होते दुसऱ्याच कुणाला.

"मागून यायचं नाही," तो म्हणत होता. "मागून यायचं नाही, सांगितलं होतं मी."

धूर तोंडावर येत होता म्हणून ती त्याच्या डाव्या अंगाला सरकली होती, एवढाच तिचा गुन्हा.

दारात म्हातारी उभी होती, तोंड उघडं. मला तिची दया आली. दया आली की माणूस काय काय करतं. मीच म्हणाले, "घण निसटला का गं?"

"हो, हो," म्हातारी म्हणाली. "निसटला. घामानं निसटला."

खोटं तिचं नव्हतं. मी तयार करून तिच्या हातात दिलं.

हाडं बसवणाऱ्यानं हात फिरवून बघितला. लोहारीण फळीत दात रुतवून बसली होती.

"निसटलेला घण पायावर पडतो," तो म्हणाला. "हा घाव वरून आलाय. हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग कोपऱ्यातल्या लोहाराकडे. कामट्या बांधायला घेतल्या. "असो. निसटला म्हणता तर निसटला."

चार दिवस गेले. जमिनीत ओल होती तोवर नांगर घालायला हवा होता. वरून ऊन असं तापत होतं की आणखी दोन दिवसांत ढेकूळ फोडायला कुऱ्हाड लागली असती. लोहाराच्या दारात बोथट फाळांचा ढीग आणि त्याहून मोठा माणसांचा.

"घण काय, मी घालतो," आमचे मालक म्हणाले. "लाकडं फोडतोच की रोज."

मी त्यांना थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "जपून हं. घामानं निसटतो तो."

लोहार ऐरणीसमोर बसला. बायको गळ्यात हात बांधून डाव्या हातानं भाता ओढत होती. मी दारात. मालकांनी हातांवर थुंकून घण घेतला आणि जाऊन उभे राहिले ते नेमके त्याच्या डाव्या अंगाला.

"तिकडून नको, भाऊजी," लोहारीण म्हणाली. "समोर या."

भात्याच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. हातोडी टिण् म्हणाली. घण वर गेला. लोहारानं मान वर केली नाही, पण ऐरणीवर सावली पडली.

तो उसळला. डोकं मालकांच्या पोटात बसलं, घण पाण्याच्या मडक्यावर गेला, मडक्याच्या ठिकऱ्या. मालक उताणे, त्यांच्या छातीवर लोहाराचा गुडघा, गळ्याभोवती सांडशीचा जबडा. एका हातानं तो आवळत होता आणि दुसऱ्या मुठीनं तोंडावर मारत होता. नाक मोडलं तेव्हा वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

"रांगेतच होतो मी," तो ओरडत होता. "मोजा ना! रांगेतच होतो!"

तिघांनी त्याला ओढला. एकाच्या मनगटाला तो चावला, दुसऱ्याच्या नडगीवर लाथ बसली. मी मागून गेले आणि त्याच्या पाठीवर, त्या वणांवर, दोन्ही मुठींनी मारायला लागले. त्यासरशी सांडशी आणखी आवळली. मालकांची टाच जमिनीवर घासायला लागली. जीव जातो तेव्हा माणूस असाच पाय घासतो, हे मला माहीत होतं, तरी माझ्या मुठी थांबेनात.

लोहारीण मागून आली नाही. ती पुढून वळसा घालून आली, त्याच्या डोळ्यांसमोर चिखलात उकिडवी बसली. एक हात बांधलेला, दुसरा उघडा धरलेला.

"वहिनी, मागे व्हा," ती मला म्हणाली. आणि त्याला, "अहो. इकडं बघा. रिकामा आहे हात."

त्यानं हाताकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. सांडशी सैल झाली.

मालक कुशीवर वळून रक्त थुंकायला लागले. मी पदरानं त्यांचं तोंड पुसत होते. एवढ्यात म्हातारी भिंत चाचपत आत आली.

"काय झालं रे? घण निसटला का? घामानं निसटला असेल."

कुणी हसलं नाही. घण मडक्याच्या पाण्यात पडला होता, सगळ्यांच्या देखत.

"निसटला नाही," लोहारीण म्हणाली. "तेव्हाही नाही अन् आताही नाही."

तोवर लोहार ऐरणीला पाठ लावून बसला होता आणि ती त्याच्या डाव्या बाजूला आली होती. "काय म्हणते ती?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे, पोरा," म्हातारी म्हणाली. "पाणी पी म्हणते."

माझंही तोंड उघडलं होतं. आणखी एखादं तयार खोटं असणार त्यात. लोहारणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

तिनं हातोडी पायानं लांब सरकवली, सांडशीही. मग समोरून, त्याला दिसत राहील अशी, सबंध ऐरणीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली. खाली बसली. चांगल्या कानापाशी तोंड नेलं, पण आवाज दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढा ठेवला.

"दात तुम्ही पाडला," ती म्हणाली. "हात तुम्ही मोडला. मला तुमची भीती वाटते."