एक निरोगी स्वयंसेवक

आईला मी फोनवर सांगितलं होतं, "नोकरी लागली." लागली नव्हती. ती तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती, मला ऐकवेना, म्हणून विषय बदलायला म्हणालो. लोक विषय बदलायला हवामानाबद्दल बोलतात. मला हवामान सुचलं नाही.

आईनं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. रुग्णालयाच्या धुलाई विभागात बावीस वर्षं ती यंत्रातून गरम चादरी ओढून त्यांच्या घड्या घालत होती. मुकादमानं सही केली, तिच्या जागेवर नवी बाई शिकायलाही लागली. शनिवार आईचा शेवटचा दिवस. माझ्या प्रयोगशाळेचाही शनिवारच, कारण आमचे सर निवृत्त होत होते आणि त्या खोलीत विद्यापीठ जादा खुर्च्या ठेवणार होतं. एक माणूस जाऊन चारशे खुर्च्या येणार, म्हणजे खोलीची तशी बढतीच.

आज गुरुवार होता. माझे त्रेसष्ट अर्ज झाले होते. एकसष्ट ठिकाणांहून उत्तर नाही, एका ठिकाणाहून नकार, आणि एका ठिकाणाहून कुणा दुसऱ्याचं अभिनंदन चुकून मला आलं होतं. ते मी दोन तास जपलं. मग त्यांनी परत मागितलं.

म्हणून मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या परिषदेत, तळमजल्यावरच्या दालनात, गळ्यात निळी पट्टी अडकवून उभा होतो. निळी पट्टी म्हणजे विद्यार्थी, हिरवी म्हणजे नोकरी देणारे. निळे दोनशे होते आणि हिरवे सात. सात टेबलं, प्रत्येक टेबलावर एक हिरवा. प्रत्येकाशी चार मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की उठायचं आणि पुढच्या टेबलावर जायचं. घंटा समितीच्या मॅडमकडे होती. त्या ती अशी वाजवत होत्या, की जन्मभर याच संधीची वाट बघत असाव्यात.

रांगेत माझ्यामागे कॅथेटर होता. कॅथेटर हा माझा खोलीतला जोडीदार. शरीरात सरकवायच्या नळीसारखा कुठेही अलगद शिरतो म्हणून हे नाव. त्याला नोकरी लागून महिना झाला होता. तो फक्त फुकटच्या पिशव्या गोळा करायला आला होता.

"बायोडेटा दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आलास का?" त्यानं विचारलं.

"आलो. पहिले म्हणाले दोन पानांचा एका पानात आण. दुसरे म्हणाले एका पानात काहीच कळत नाही. तिसऱ्या म्हणाल्या, बोलू नकोस, दाखव."

"मग दाखव."

दाखवायला माझ्याकडे डबी होती. साबणाच्या वडीएवढी, वर दोन धातूच्या चकत्या. चकत्यांवर दोन अंगठे ठेवायचे. अर्ध्या मिनिटात डबी हृदयाचे ठोके वाचते आणि पडद्यावर निकाल देते. हिरव्या अक्षरांत 'सर्व ठीक', नाहीतर लाल अक्षरांत 'डॉक्टरांना त्वरित भेटा'. तीन वर्षांचं काम. प्रबंधात अचूकता लिहिली होती शंभर टक्के. एवढी अचूकता कशी आली, हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "स्वयंसेवक निरोगी आहे ना?" मी म्हणालो, "हो सर." ते म्हणाले, "मग झालं," आणि सही केली.

स्वयंसेवक एकच होता. बाहेरची माणसं तपासायची तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि आमचा अर्ज तिथे नऊ महिने पडून होता. अशा वेळी विद्यार्थी जे करतात तेच मी केलं. स्वतःचेच अंगठे ठेवले. आठ महिने, दिवसाला वीस वेळा. डबी दर वेळी हिरवी. एकदा कॅथेटरनं गंमत म्हणून अंगठे ठेवले तेव्हा लाल झाली होती. पण तो पहाटे चारला झोपतो आणि रात्रीच्या जेवणाला बिस्किटं म्हणतो, त्यामुळे डबीबद्दलचा माझा आदर वाढला होता.

पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी अंगठे ठेवले. लाल.

"हं," ते म्हणाले. "संवेदनशील दिसतंय." उरलेली तीन मिनिटं ते स्वतःची नाडी बघत बसले.

दुसऱ्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, परवाच माझी सगळी तपासणी झाली, अगदी व्यवस्थित. लाल. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरला त्याच्या नावानं आणि नंतर इतर काही नावांनी हाक मारली.

घंटा. तिसऱ्या टेबलावर एक सडसडीत गृहस्थ. मनगटावर धावणाऱ्यांचं घड्याळ, टेबलावर पाण्याची बाटली, पोटाचा पत्ताच नाही. रुग्णांजवळ ठेवायचे मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीचे ते संचालक. दर रविवारी तीस किलोमीटर धावतात, हे त्यांनी स्वतःचं पद सांगण्याआधी सांगितलं. त्यांनी हसत अंगठे ठेवले.

लाल.

त्यांचं हसू तिथेच राहिलं, बाकीचा चेहरा मात्र निघून गेला. "परत," ते म्हणाले. परत लाल. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "तीन वर्षं हे मला सांगतंय, उत्तम, उत्तम. आणि चढावर छातीत जरा कसंतरी होतं ते मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही."

"कदाचित चढामुळे होत असेल," मी म्हणालो.

"तू माझा जीव वाचवलास." त्यांनी माझा हात धरला. "नोकरी आहे का तुला?"

"नाही."

"आता आहे. सोमवारपासून ये. पत्र आत्ताच टाइप करायला सांगतो, तासाभरात घेऊन जा."

घंटा वाजली. मी उठलो. माणूस बुडताना हाताला फळी लागली तर ती फळी कुठल्या झाडाची, हे विचारत नाही. चौथं, पाचवं, सहावं टेबल मी केवळ शिष्टाचार म्हणून केलं. लाल, लाल, लाल. दालनात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं कॉफीत काहीतरी आहे, कुणी म्हणालं एसीत. प्रथमोपचारवाले खुर्च्या घेऊन आले. चार हिरवे आता पाय वर करून बसले होते.

"तू मुलाखती देतोयस का साथ पसरवतोयस?" कॅथेटर मागून म्हणाला.

"मला नोकरी लागली."

"काय सांगतोस!" त्यानं मला मिठी मारली. त्याच्या सहाही पिशव्या माझ्या पाठीवर आपटल्या.

आता सातव्या टेबलावर नाही गेलं तरी चाललं असतं. पण मॅडमनी घंटा वाजवली, आणि मी वाजलेल्या घंटेला नाही म्हणणारा माणूस नाही.

सातव्या टेबलावर पन्नाशीच्या डॉक्टरबाई होत्या. एका रुग्णालयात यंत्रं तपासून पास-नापास करायचं त्यांचं काम. "मी कुणाची भरतीबिरती करत नाही," त्यांनी बसता बसताच सांगितलं. "आयोजकांना सातचा आकडा भरायचा होता. तूच का तो, सगळ्यांना आजारी पाडणारा?"

"हो."

"आधी तुझे अंगठे ठेव."

ठेवले. 'सर्व ठीक.'

"रंग नको. ठोक्यांची रेघ दाखव."

मी रेघ उघडली. बाईंनी चष्मा चढवला.

"हा कोण?"

"मी."

"निरोगी?"

"हो. प्रबंधात लिहिलंय. एक निरोगी स्वयंसेवक."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"तपासलं कुणी?"

"डबीनं."

"आणि निरोगी म्हणजे काय, हे डबीला कुणी शिकवलं?"

"मीच."

"कुणाच्या ठोक्यांवरून?"

मी रेघेकडे बघितलं. दोन ठोके व्यवस्थित, तिसरा घाईघाईत, आकारानं रुंद, मग थोडी रिकामी जागा. परत दोन, परत घाई. ही रेघ मला पाठ होती. पहिल्या महिन्यात हा तिसरा ठोका मला खटकला होता. मला वाटलं, सोल्डरिंग कच्चं आहे. मी सोल्डरिंग बदललं, तारा बदलल्या, चकत्या घासल्या, दोनदा अख्खं सर्किट बदललं. माणूस बदलून बघायचं सुचलं नाही. शेवटी कंटाळून मी डबीलाच शिकवलं, की तिसरा असा येणं म्हणजेच ठीक.

बाईंनी माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. घंटा वाजली. मॅडम येऊन म्हणाल्या, "वेळ संपली." बाई म्हणाल्या, "त्याची आहे अजून." रांगेतले निळे माझ्याकडे जळून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "हात हातात घेतलाय, म्हणजे याचं झालंच."

"बहुतेकांना यात काही होत नाही," बाई म्हणाल्या. "पण तू बहुतेकांत आहेस का, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. हृदयतज्ज्ञाकडे जा. सोमवारी, उशीर नको." त्यांनी माझा बायोडेटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहिली. त्या कागदावर कुणाला काही उपयोगाचं सापडायची ती पहिलीच वेळ.

"म्हणजे ते सगळे..." मी मागे वळून पाय वर केलेल्या मंडळींकडे बघितलं.

"ठणठणीत. जाऊन सांग त्यांना."

कॅथेटरला मी हे खांबाआड नेऊन सांगितलं. त्यानं सहाही पिशव्या खाली ठेवल्या, आणि हे त्याच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे.

"तू बरा आहेस ना?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग ऐक. त्या धावणाऱ्याला रुग्णालयात कळेलच की तो ठीक आहे. तासाभराचा प्रश्न आहे. तोपर्यंत पत्रावर सही होऊ दे. तू काही खोटं बोलायचं नाहीस, नुसतं उभं राहायचं. तुझी आई परवानंतर घरी बसणार आहे, लेका!"

त्याचं चुकत नव्हतं. मी ठरवलं, नुसतं उभं राहायचं. तिसऱ्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. संचालक आडव्या जोडलेल्या दोन खुर्च्यांवर पडून फोनवर बोलत होते. "कपाटातल्या खालच्या खणात सगळी कागदपत्रं आहेत... नाही गं, रडू नकोस... पोरांना आत्ताच काही सांगू नकोस." त्यांच्या शेजारी त्यांचा सहायक मांडीवर लॅपटॉप घेऊन माझं पत्र टाइप करत होता. मला माझं नाव दिसलं. त्यापुढे पद. छान पद होतं.

मी सात-आठ ठोके उभा राहिलो. आता मला ते मोजता येत होते.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही ठीक आहात. आजारी मी आहे."

त्यांना समजायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं, डबीसकट. आधी ते उठले आणि मला कडकडून मिठी मारली. त्यांचं हृदय माझ्या छातीवर नियमित वाजत होतं, एखाद्या कंटाळवाण्या कारकुनासारखं. मग मिठी हळूहळू सैल झाली.

"म्हणजे तुझं यंत्र..."

"हो."

"आणि मी बायकोला..."

"हो."

"तिला आता काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सहायकाकडे बघून नुसती मान हलवली. सहायकानं एक बटण दाबलं. एवढं चांगलं लिहिलेलं पत्र पुसायला एकच बटण लागतं, ही रचना मला सदोष वाटली. बाकीच्या पाचजणांनाही मी सांगून आलो. दुसऱ्या टेबलावरच्या मॅडमना आता त्यांच्या डॉक्टरची माफी मागायची होती, त्यामुळे त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत.

बाहेर जिन्यावर बसून मी आईला फोन लावला. मागे यंत्राची घरघर होती.

"बोल रे, पटकन. चादरी येतायत."

"आई, मला नोकरी लागलेली नाही."

"आज गेली?"

"आज लागली होती, ती गेली. पण तुला सांगितलं तेव्हा लागलीच नव्हती."

घरघर चालू राहिली. आई यंत्रापासून जरा लांब गेली असावी, कारण आवाज कमी झाला.

"मुकादमाला विचार ना," मी म्हणालो. "म्हणावं, राजीनामा परत घेते."

"नव्या बाईच्या पदरात दोन पोरं आहेत. तिला काढून मी उभी राहू तिथे?" आई म्हणाली. "खोटं बोललास तेव्हा मी सगळ्यांना पेढे नाही वाटले, एवढंच नशीब. बाकी गावभर सांगून झालंय. अजून काय केलंयस?"

मग मी हृदयाचं सांगितलं. दोन ठोके बरोबर, तिसरा घाईत, मग जरा रिकामं.

"हा काय आजार आहे?" आई म्हणाली. "मला तर कायमच होतं असं."

"कायम म्हणजे?"

"तू पोटात होतास तेव्हापासून. रात्री कुशीवर झोपलं की जास्त."

"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीस? बावीस वर्षं रुग्णालयात काम करतेस तू!"

"मी चादरींच्या दारानं आत येते. तिथे डॉक्टर नसतात."

मी जिन्याच्या कठड्याला डोकं टेकलं. माझ्या डबीच्या मते जगात दोनच निरोगी माणसं होती, आणि सोमवारपासून त्या दोघांनाही काम नव्हतं.

"ऐकतोयस ना?" आई म्हणाली. "सोमवारी मोकळेच आहोत मग. केसपेपरची खिडकी सातला उघडते. तू आधी पोचलास तर दोघांचा नंबर लाव. आणि काही खाऊन ये, तिथे फार वेळ लागतो."