पार्वताबाईची घागर

प्रीतमच्या जातपडताळणीचं घोडं आजोबा खुशालरावांपाशी येऊन अडलं. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव माणिकबाई, तर जन्माच्या नोंदीत पार्वताबाई. एका मुलाला दोन आया कशा, हे दोन वेगळे खुशालराव तर नव्हेत, असा शेरा मारून अकोल्याहून फाईल परत आली.

घरात कागद वाचणारी एकटी आरती, प्रीतमची बहीण. नवरा अपघातात गेल्यापासून ती हिवरखेडला माहेरीच होती. रिकामीच तर आहे, म्हणून जो तो तिला कामाला जुंपायचा. तिने मृत्यूच्या नोंदी काढल्या. माणिकबाई तर खुशालरावांच्या जन्माआधीच वारलेली.

दुपारी तिचे वडील, श्यामराव, ओसरीवर पान लावत बसले होते. तिने कागद पुढे केला.

"बाबा, ही पार्वताबाई कोन?"

श्यामरावांनी चुना पुसला. "माह्या बापाची माय. पाटाची होती. पहिला नवरा मेला तिचा, मंग आज्यानं तिच्यासंग पाट लावला. पाटाच्या बाईचं नाव लावाची लाज वाटे, म्हनून मेलेल्या सवतीचं शाळेत लिहलं."

"तुमाले माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत होतं. बोलत नोतं कोनी."

आरतीच्या अंगाचा तिळपापड झाला. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातल्या कुलदीपने तिला मागणी घातली, तेव्हा "आमच्या खानदानात विधवेचा पाट होत नाई" असं सांगून याच तोंडाने त्याला दारातून परत पाठवलं होतं. खानदान म्हणे! जिच्या पोटी ते जन्मलं, तिचंच नाव गिळून ढेकर देणारी ही माणसं.

लेकाच्या कामाला मात्र आजी बरोबर आठवली. श्यामरावांनी शपथपत्रावर मुकाट सही केली, मी पार्वताबाईचा नातू. प्रीतमचा दाखला झाला, पेढे वाटले गेले. आता तरी बाबा आपल्या बाबतीत नमतील, असं आरतीला वाटलं. वेडी पोर.

आखजी आली, अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी देवापुढे मांडल्या. श्यामरावांच्या आज्याची, माणिकबाईची, खुशालरावांची. आरतीने आणखी एक भरून आणली, वर आंबा ठेवला आणि माणिकबाईच्या शेजारी मांडली.

"हे कोनाची?" श्यामरावांनी विचारलं.

"पार्वताबाईची."

"उचल. पाटाच्या बाईले पितरात पानी नसते."

"सही करतानी तर आजी होती."

"ते कागदापुरतं. हे घर हाये."

"अन् माह्यं काय?"

"तुह्यं तेच. एकदा सांगतलं ना."

प्रीतम शेजारी बसून आमरस ओरपत होता. ज्याच्या दाखल्यासाठी म्हातारीला उकरून काढलं, त्यानेही मान वर केली नाही.

आरतीने घागर उचलली. "तुमी हो म्हनान म्हनून थांबली होती मी. आता नाई थांबत."

दुपारच्या एसटीने ती नांदगाव पेठला कुलदीपकडे गेली. ती घागर वाटभर मांडीवर होती. श्यामरावांनी तिचं नाव घेणं सोडलं, आणि गावाला त्यात काही नवल वाटलं नाही.

येत्या आखजीला आपल्या घरच्या घागरी एकदा मोजून पाहा. कोणाची कमी आहे, ते तुमच्याही घरात सगळ्यांना माहीत असेल.